टेबलावर ठेवलेलं पुस्तक

नोकरीच्या पहिल्याच वर्षी विभागप्रमुखांनी मला एफवायबीएस्सीच्या भौतिकशास्त्रासाठी पुस्तकांची यादी करायला सांगितली. मी सगळ्यात वर ‘फाइनमन लेक्चर्स ऑन फिजिक्स’ लिहिलं. एमएस्सीला असताना त्या तीन खंडांनी मला भौतिकशास्त्राची गोडी लावली होती. ग्रंथालयानं संच मागवले आणि पहिल्या तासाला मी वर्गाला सांगितलं, हेच वाचा.

दिवाळीच्या सुट्टीआधी एक विद्यार्थिनी स्टाफरूमच्या दारात येऊन उभी राहिली. दहावीपर्यंत मराठी माध्यम, रोज एसटीनं ये-जा. “सर, वाचताना सगळं कळल्यासारखं वाटतं. पण न्यूमरिकल घेतलं की कुठून सुरू करायचं तेच सुचत नाही.” तिची वही पाहिली. पानंच्या पानं टिपणं काढलेली, सोडवलेलं मात्र काहीच नाही. सोडवणार तरी काय? त्या खंडांत प्रकरणाच्या शेवटी न्यूमरिकल्स नाहीत, ती वेगळी छापलेली आहेत. फाइनमन यांनी ही व्याख्यानं १९६१ ते १९६३ या काळात कॅलटेकच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या मुलांना दिली. विद्यार्थ्यांच्या दृष्टीनं ती कितपत साधली, याविषयीची शंका त्यांनी स्वतःच प्रस्तावनेत मांडली आहे. ती प्रस्तावना मी वाचलेली होती. तरीही यादी करताना माझ्या डोळ्यांसमोर माझी एमएस्सीची वर्षं होती, ही मुलगी नव्हती.

पुढच्या वर्षी मी दुसऱ्या टोकाला गेलो. अभ्यासक्रमाच्या क्रमानं बेतलेलं, प्रत्येक प्रश्नाचं उत्तर तयार असलेलं एक स्वस्त पुस्तक लावलं. मुलं खूश होती, निकालही बरा लागला. पण पेपर तपासताना एकच चूक वीस-पंचवीस उत्तरपत्रिकांत सापडली. टेबलावर पुस्तक ठेवलंय, त्याचं वजन ही क्रिया आणि टेबलानं वर लावलेलं बल ही प्रतिक्रिया, असं सगळ्यांनी लिहिलं होतं. पुस्तक उघडलं, तर तेच तिथं चौकटीत छापलेलं. त्या रात्री मला झोप लागली नाही. मुलांनी मन लावून जे पाठ केलं, ते मीच त्यांच्या हातात दिलं होतं.

पृथ्वी पुस्तकाला खाली ओढते, तेव्हा पुस्तकही पृथ्वीला तेवढ्याच बलानं वर ओढतं. ही झाली एक जोडी. टेबल पुस्तकाला वर ढकलतं आणि पुस्तक टेबलाला खाली दाबतं, ही दुसरी. जोडीतली दोन बलं एकाच वस्तूवर कधीच नसतात. हेच टेबल वर निघालेल्या लिफ्टमध्ये ठेवा. लिफ्ट वेग घेत असताना टेबलाचं बल पुस्तकाच्या वजनापेक्षा जास्त असतं, आणि क्रिया-प्रतिक्रिया तर नेहमी समान असायला हव्यात. तेव्हापासून कुठलंही नवं पुस्तक हातात आलं की मी आधी हे पान काढतो. इथंच जे पुस्तक घसरतं, त्याचं पुढचं वाचण्यात मी वेळ घालवत नाही.

मग सोडवलेली उदाहरणं पाहतो. सूत्र लिहून त्यात आकडे घातले की झालं, असं असेल तर ते पुस्तक नको. इथं ऊर्जेचा नियम का घेतला, न्यूटनचा दुसरा नियम का नाही, हे एका वाक्यात तरी सांगितलेलं हवं. त्या मुलीचं अडत होतं ते नेमकं इथंच. गणिताच्या सरांनाही विचारून घ्या. त्यांच्याकडे इंटिग्रेशन सुरू व्हायच्या आधी आपलं पुस्तक ते वापरू लागलं, तर मुलं भौतिकशास्त्रालाच घाबरतात.

जुनी पुस्तकं घ्यायला माझी हरकत नाही. पुण्यात अप्पा बळवंत चौकात फिरून हॅलिडे-रेस्निकची जुनी आवृत्ती मिळाली तर जरूर घ्यावी, यांत्रिकी काही बदललेली नाही. किलोग्रॅमची व्याख्या तेवढी २०१९ मध्ये बदलली; आता ती पॅरिसजवळच्या धातूच्या ठोकळ्यावर नाही, प्लँक स्थिरांकावर आधारलेली आहे. आवृत्तीगणिक न्यूमरिकल्सचे क्रमांकही बदलतात, म्हणून गृहपाठ देताना प्रश्न पूर्ण लिहून द्यावा. विद्युतचुंबकत्वात मात्र एककं तपासाच. पर्सेल यांचं सुंदर पुस्तक १९६५ मध्ये गाउसियन एककांत आलं. २०१३ ची तिसरी आवृत्ती एसआयमध्ये आहे. जुनी प्रत घेतलेल्या माझ्या एका विद्यार्थ्याचं कुलोमचं सूत्र फळ्यावरच्या सूत्राशी जुळेना, आणि आपल्यालाच काही समजत नाही असं धरून तो महिनाभर गप्प राहिला.

पैशांची अडचण असेल तर अमेरिकेतल्या राइस विद्यापीठाच्या ओपनस्टॅक्सचं ‘युनिव्हर्सिटी फिजिक्स’ मोफत उतरवून घेता येतं. आमची मुलं एकेक प्रकरण झेरॉक्सच्या दुकानात छापून घेतात. फाइनमनचे खंडही कॅलटेकच्या संकेतस्थळावर मोफत वाचता येतात. ते अजून माझ्या यादीत आहेत, पण दुसऱ्या सेमिस्टरनंतर वाचण्यासाठी.

यंदा जूनमध्ये दोन पुस्तकांतली घर्षणाची पानं तीन मुलांना दिली आणि सांगितलं, उद्या मला हे मराठीत समजावून सांगा. दुसऱ्या दिवशी त्यांतला एक जण बोलता बोलता उठला, चार पावलं चालला आणि थांबून म्हणाला, “म्हणजे सर, घर्षण मला मागं ओढत नाहीये, तेच मला पुढं ढकलतंय.” त्यानं कुठल्या पुस्तकातून वाचलं ते विचारलं आणि तेच यादीत लिहिलं.