परवान्याआधीचा हिशेब



चिंचोळी एमआयडीसीतून रात्री पुणे महामार्गाने एकट्याने सोलापूर गाठावं लागतं, जवळ कधी कामगारांच्या पगाराची रोकड असते, म्हणून कपड्याआड राहील असं लहान पिस्तूल घ्यायचं तुझ्या मनात आहे, हे ताईकडून कळलं. अमेरिकेतल्या गिऱ्हाइकापुढे नऊ मिलिमीटरची कितीतरी चिमुकली मॉडेलं मांडलेली असतात. आपल्याकडे ते नळीचं माप, म्हणजे बोअरच, सामान्य परवानाधारकाला निषिद्ध. परवानगीच्या हातशस्त्रांत मुख्यतः .३२ बोअर उरतो.

त्यातही दोन जाती. इच्छापूरच्या रायफल फॅक्टरीचं ‘अशनी’ हे पिस्तूल. चपटं, म्हणून कमरेला कमी फुगतं. दुसरी जात कानपूरच्या रिव्हॉल्व्हरांची. २०१४ मध्ये आलेलं ‘निर्भीक’ टायटॅनियमच्या मिश्रधातूचं, वजन सुमारे ५०० ग्रॅम, किंमत तेव्हा सव्वा लाखाच्या घरात. २०२३ मधल्या ‘प्रबल’ची नळी ७६ मिलिमीटरची, वजन पावणेसातशे ग्रॅमच्या आसपास, आणि सिलिंडर बाजूला उघडणारा. काडतुसं भरायला जुन्या रिव्हॉल्व्हरसारखं अख्खं शस्त्र मधून दुमडावं लागत नाही. दोन्ही जाती .३२ म्हणवत असल्या तरी काडतुसं वेगळी. एकीचं दुसरीत चालत नाही.

वजनाचा मोह आवर. शस्त्र जितकं हलकं, तितका मनगटाला धक्का जास्त आणि दुसरी गोळी तितकी भरकटलेली. मूठ इतकी आखूड नको की करंगळी हवेत राहावी. नवशिक्याला रिव्हॉल्व्हर बरं, कारण सिलिंडर उघडला की भरलेलं की रिकामं ते डोळ्यांना दिसतं. पिस्तुलाचं मॅगझिन काढलं तरी एक गोळी नळीच्या मागच्या टोकाशी, चेंबरमध्ये राहू शकते, आणि मग अपघात होतो तो त्या ‘रिकाम्या’ पिस्तुलानेच.

पण रिव्हॉल्व्हरही निर्धोक नव्हे. अभिनेता गोविंदा १ ऑक्टोबर २०२४ च्या पहाटे मुंबईच्या घरी स्वतःचं परवान्याचं रिव्हॉल्व्हर कपाटात ठेवत होता. ते हातून निसटलं, गोळी सुटली आणि त्याच्याच पायात शिरली. समोर ना चोर होता ना दरोडेखोर.

भाजपचे नेते प्रमोद महाजनांचं उदाहरण याहून कडू. २२ एप्रिल २००६ रोजी वरळीच्या घरात सख्ख्या भावाने परवान्याच्या .३२ पिस्तुलाने त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. ३ मे रोजी ते गेले. म्हणून घरात कुलपाची पोलादी पेटी हवी, किल्ली एकाकडेच हवी, आणि रागाच्या दिवशी ती पेटी उघडायची नाही.

आता कायदा. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे सार्वजनिक ठिकाणी हातशस्त्र होल्स्टरमध्ये, पूर्ण झाकलेलं आणि आपल्या ताब्यात असावं लागतं. दाखवून मिरवणं गुन्हा आहे. शस्त्र कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर वरातीत हवेत गोळी झाडून कुणाचा जीव धोक्यात आणला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. परवाना पाच वर्षांचा, वय किमान एकवीस. निवडणुकीच्या काळात शस्त्र पोलिसांकडे जमा करायचा आदेश येऊ शकतो, तेव्हा त्या दिवसांत रस्त्याची सोय दुसरीच लागणार.

अर्ज कुठे करायचा हेही पाहा. शहरात परवाना पोलीस आयुक्त देतात. चिंचोळी मात्र मोहोळ तालुक्यात, आयुक्तालयाबाहेर, तिथला कारभार जिल्हाधिकाऱ्यांचा. तू राहतोस शहरात, म्हणून आधी आयुक्तालयातच चौकशी कर. पोलीस चौकशीत जिवाला धोका काय, हे विचारतीलच. ‘रोकड असते’ एवढ्या उत्तराने भागेल असं धरू नकोस.

खरं तर त्या रोकडीपासूनच सुरुवात कर. येत्या महिन्यापासून पगार कामगारांच्या बँक खात्यात टाक, रात्री शेजारच्या कारखान्याच्या गाडीसोबत निघ, गेटवर कॅमेरा बसव. एवढं करूनही तीन महिन्यांनी भीती तशीच राहिली, तर परवान्याचा अर्ज भरायला बसू.

तुझा मामा