शत्रू एक, निर्णय दोन



परक्या देशाचा हुकूमशहा आपल्या नाशाची भाषा बोलू लागला, तर आपण आधी हात उचलावा काय? हा प्रश्न जुना आहे. यहोशवाने देश जिंकला ते कर्तव्याचे युद्ध (मिलहेमेथ मिस्वा) आणि दाविदाने राज्यविस्तारासाठी केले ते ऐच्छिक (मिलहेमेथ रेशूथ), याविषयी तालमुदात दुमत नाही. मतभेद आहे तो शत्रूने चालून येऊ नये म्हणून आधीच केलेल्या युद्धाविषयी. ऐच्छिक युद्धास ७१ जणांच्या सनहेद्रीनची संमती लागे. एकट्या राजाच्या मर्जीवर ते सोडलेले नव्हते.

आता इराकच्या सद्दाम हुसेनचे उदाहरण घेऊ. बगदादजवळ फ्रान्सच्या मदतीने त्याची अणुभट्टी उभी राहत होती. इस्राएलने फ्रान्सशी बोलणी करून पाहिली. उपयोग झाला नाही. हल्ल्याविषयी खुद्द इस्राएलात एकमत नव्हते. विरोधी नेते शिमोन पेरेस यांनी पत्र लिहून हरकत घेतली. पंतप्रधान मेनाखेम बेगिन यांचे म्हणणे असे, की भट्टी चालू झाल्यावर बाँब टाकल्यास किरणोत्सर्गाने निरपराध लोक मरतील, तेव्हा आत्ताच. ७ जून १९८१ रोजी, शाबुओथच्या पूर्वसंध्येस, ८ एफ-१६ विमानांनी भट्टी उद्ध्वस्त केली. सर्व वैमानिक सुखरूप परतले. इराकी सैनिक व एक फ्रेंच तंत्रज्ञ मात्र प्राणास मुकले. १९ जूनला सुरक्षा समितीने एकमताने निषेध केला. पुढे १९९१ च्या युद्धानंतर उघड झाले, की सद्दामने दुसऱ्या मार्गाने गुप्तपणे तेच काम चालू ठेवले होते.

त्याच १९९१ साली त्याने इस्राएलवर सुमारे ४० स्कड क्षेपणास्त्रे सोडली. मुलांना मास्क चढवून बंद खोलीत काढलेल्या त्या रात्री आपल्यापैकी अनेकांना आठवत असतील. संताप रास्त होता. तरीही पंतप्रधान यित्झाक शामीर यांनी हात आवरला. कारण इस्राएल युद्धात उतरता, तर सद्दामविरुद्ध एकत्र आलेली अरब राष्ट्रे फुटण्याची भीती होती.

पहिला निर्णय शौर्याचा आणि दुसरा भित्रेपणाचा, असे म्हणता येईल काय? मुळीच नाही. दोन्ही वेळी तराजूत तेच प्रश्न होते: धोका किती खरा व किती जवळचा? दुसरे सर्व उपाय करून झाले काय? आणि उद्या काय होईल?

ज्या घरातला मुलगा सैन्यात आहे, त्या घराला तरी या प्रश्नांचे उत्तर मागण्याचा अधिकार आहे.