काढा कुठवर, दवाखाना केव्हा?

आरोग्यपाठ · वाचन : २ राजे २०:१–७



हिज्कीया राजा मरणाला टेकला होता. त्याने रडून प्रार्थना केली आणि देवाने ती ऐकली. तरीही यशया संदेष्ट्याने त्याच्या गळवावर अंजिरांचा लेप लावायला सांगितला. प्रार्थना आणि औषध यांत देवाच्या सेवकाला विरोध वाटला नाही. हिवाळ्याच्या तोंडावर खोकल्याविषयी शिकताना हे ध्यानात ठेवू.

सातपुड्यात, धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवर, थंडीत कुडाच्या घरात चूल धुमसत असते आणि बाळ उबेसाठी तिच्याजवळच निजते. ते खोकू लागले की आईपुढे प्रश्न उभा राहतो : काढा पाजत राहू, की डोंगर उतरू? आजचा पाठ या प्रश्नासाठी आहे.

आराम देणारे उपाय

१. मोठ्यांसाठी आले व तुळशीची पाने उकळून केलेला कोमट काढा. घसा खवखवत असल्यास मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या.

२. एक वर्षावरील मुलाला रात्री अर्धा ते एक चमचा मध. वर्षाच्या आतील बाळाला मध चाटवूही नये. त्यातून गंभीर विषबाधा होऊ शकते.

३. अडुळसा आपल्या लोकांचा जुना ओळखीचा. त्याच्या पानांतील वासिसिन या द्रव्यावरूनच ब्रोमहेक्झिन हे कफ पातळ करणारे औषध तयार झाले. गरोदर स्त्रीने मात्र अडुळसा घेऊ नये.

४. सहा महिन्यांच्या आतील बाळाला काढा नको, फक्त आईचे दूध. तेही वरचेवर पाजावे.

५. बाळाला चुलीच्या धुरापासून दूर निजवावे. धुरामुळे न्यूमोनियाचा धोका वाढतो.

बाळाच्या नाकात तेल घालणे, दारू चोळणे किंवा पाजणे, अंगावर डाग देणे हे उपाय नव्हेत. त्यांनी इजाच होते. उकळत्या पाण्याचे भांडे मुलाजवळ ठेवून वाफ देऊ नये. भांडे कलंडून मुले भाजतात.

उपाय कोठे थांबतो?

हे उपाय घसा शांत करतात, न्यूमोनिया बरा करीत नाहीत. म्हणून श्वास मोजायला शिकावे. बाळ शांत असताना कपडे वर करून पूर्ण एक मिनिट छाती-पोटाची हालचाल मोजा. दर मिनिटाला दोन महिन्यांच्या आतील बाळाचे ६० किंवा अधिक, दोन ते बारा महिन्यांच्या बाळाचे ५० किंवा अधिक, एक ते पाच वर्षांच्या मुलाचे ४० किंवा अधिक श्वास होत असतील, तर काढा बाजूला ठेवून त्याच दिवशी दवाखाना गाठावा. दोन महिन्यांच्या आतील बाळाच्या बाबतीत तर तासाचाही उशीर नको.

श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जाणे, दूध-पाणी न घेणे, झटके येणे, मूल गुंगून पडणे ही धोक्याची चिन्हे आहेत. अशा वेळी श्वास मोजत बसू नये. १०८ ला फोन करावा, आशाताईंना बोलवावे, आणि गाडी येत नसेल तर झोळी करून निघावे.

मोठ्यांचा खोकला दोन आठवडे टिकला तर क्षयरोगासाठी थुंकी तपासून घ्यावी. सरकारी दवाखान्यात तपासणी व उपचार मोफत आहेत.

मंडळीत करण्यासाठी

येत्या सभेत सेकंदकाट्याचे घड्याळ आणा आणि मंडळीतल्या एखाद्या झोपलेल्या बाळाचे श्वास सर्वांनी मोजा. प्रत्येकाची मोजणी सारखी येते का, ते पाहा. जुळेपर्यंत पुन्हा मोजा. मग आपल्या ओळखीच्या एका आईला ते शिकवा. पाड्यावर सेवा करणाऱ्यांना भेट पाठवायची असेल, तर असे एक घड्याळही पाठवता येईल.

प्रार्थना : प्रभो, झाडपाल्यात तू ठेवलेल्या गुणांसाठी तुझे आभार. डोंगर केव्हा उतरायचा हे ओळखण्याची बुद्धी आम्हांला दे, आणि आज रात्री बाळाला उराशी धरून वाट चालणाऱ्या प्रत्येक आईच्या सोबत राहा. आमेन.