नाटकातील शिरस्त्राण आणि त्याचे रिव्हेट

सांगलीला नाट्यपंढरी म्हणतात. विष्णुदास भावे यांनी १८४३ मध्ये येथे ‘सीता स्वयंवर’ सादर केले. याच जिल्ह्यातील वाटेगाव येथे १ ऑगस्ट १९२० रोजी जन्मलेल्या अण्णा भाऊ साठे यांनी लोकनाट्य कष्टकऱ्यांच्या वस्तीत नेले. अशा भूमीतील विद्यार्थ्यांना नाटकाच्या संवादांइतकीच वेशभूषेच्या साहित्याचीही जाण असावी, असे आम्हांस वाटते.

सम्राट अशोकाच्या कलिंगयुद्धावरील नाटिका बौद्ध शाळांना जवळची आहे. हे युद्ध इ.स.पू. २६१ च्या सुमारास झाले. त्यात एक लाख माणसे मारली गेली व दीड लाख बंदी करून नेली गेली, असे अशोकाने स्वतः तेराव्या शिलालेखात नोंदविले आहे. मात्र या नाटिकेसाठी बाजारात मिळणारे प्लॅस्टिकचे शिरस्त्राण बहुधा रोमन घाटाचे असते. त्यावर लाल तुरा असतो आणि दोन्ही बाजूंस गालपट्ट्या असतात. भारहूत व सांची येथील शिल्पांतील योद्धे पाहिले, तर त्यांच्या डोक्यास सहसा फेटा किंवा कापडी पट्टी दिसते. म्हणून तुरा व गालपट्ट्या काढाव्यात आणि उरलेल्या टोपावर सुती फेटा गुंडाळावा. त्यामुळे इतिहासही जपला जातो आणि नवी खरेदीही टळते. हे भाग रिव्हेटने जोडलेले असतात. ते ओढून काढल्यास प्लॅस्टिक तडकते आणि त्याची धारदार कड पुढे मुलांच्या कपाळाला लागते. यासाठी पुढील रीत सांगत आहोत.

रिव्हेट ओळखणे

प्रथम टोप उलटा करून आतील बाजू पाहावी. साधारणतः तीन प्रकार आढळतात.

१) प्लॅस्टिकची खुंटी : हिचे आतील टोक नेलकटरने किंवा वायर कापण्याच्या कटरने कापावे व खुंटी बाहेर ढकलावी. ड्रिलची गरज नाही.

२) दोन पायांचे रिव्हेट : याचे पत्र्याचे दोन पाय आत दुमडलेले असतात. ते पकडीने हळूहळू सरळ करून रिव्हेट बाहेरून काढावे.

३) पॉप रिव्हेट : हे ॲल्युमिनियमचे व पोकळ असून बाहेरील गोल डोक्याच्या मध्यभागी भोक दिसते. हे मात्र ड्रिलनेच काढावे लागते.

पॉप रिव्हेट काढण्याची कृती

ड्रिल शिक्षकांनी किंवा जाणत्या कारागिराने चालवावे. विद्यार्थ्यांनी दूर उभे राहून निरीक्षण करावे. चालविणाऱ्याने डोळ्यांवर चष्मा लावावा, केस व ओढणी बांधावी, बाह्या दुमडाव्यात. फिरत्या ड्रिलजवळ कापडी हातमोजे घालू नयेत. त्यांचा धागा अडकून हात ओढला जातो.

टोप कधीही मुलाच्या डोक्यावर असताना हे काम करू नये. टोपाच्या आत लाकडाचा ठोकळा ठेवून तो टेबलास घट्ट आवळावा. रिव्हेटभोवती चिकटपट्टी लावावी, म्हणजे ड्रिल घसरले तरी ओरखडा पडत नाही. भोकात पोलादी काडीचा तुकडा अडकला असेल, तर बारीक खिळ्याने अलगद ठोकून तो आत ढकलावा. अन्यथा ड्रिलचे टोक त्यावरून निसटते.

ड्रिलचे पाते रिव्हेटच्या दांड्याएवढ्याच जाडीचे घ्यावे. ३.२ व ४ मिलिमीटर ही नेहमीची मापे आहेत. ड्रिल सरळ धरून मंद गतीने चालवावे आणि दर काही सेकंदांनी थांबावे, कारण घर्षणाच्या उष्णतेने प्लॅस्टिक मऊ होऊन भोक मोठे होते. रिव्हेट पात्याबरोबरच फिरू लागल्यास ठोकळा काढून दुसऱ्या व्यक्तीने आतील टोक लांब दांड्याच्या पकडीने धरावे. हात पात्याच्या समोर येऊ देऊ नये. डोक्याची चकती सुटताच थांबावे. आरपार भोक पाडण्याची आवश्यकता नाही. उरलेला दांडा बोथट खिळ्याने आत ढकलावा.

त्यानंतर

भोकाची कड पॉलिश पेपरने घासावी आणि आतून बोट नव्हे, तर कापूस फिरवून पाहावा. कापूस अडकला, तर कड अजून खरखरीत आहे असे समजावे. ॲल्युमिनियमचा कीस चुंबकाला चिकटत नाही, म्हणून तो ओल्या फडक्याने टिपावा. वसतिगृहात मुले अनवाणी वावरतात, हे ध्यानी ठेवावे. एखादा भाग पुन्हा जोडायचा असेल, तर नट-बोल्ट व वायसर वापरावेत. बोल्टचे गुळगुळीत डोके आत ठेवावे आणि त्यावर कापडाची घडी चिकटवावी.

ही रीत केवळ नाटकातील टोपासाठी आहे. मोटारसायकलच्या हेल्मेटचे रिव्हेट मुळीच काढू नयेत. त्याचा पट्टा त्यांवरच अवलंबून असतो आणि तो सुटणे म्हणजे जीव धोक्यात घालणे होय.

हे काम लहान दिसते, तरी ते कोणी करावे हा प्रश्न लहान नाही. जातिव्यवस्था ही केवळ श्रमाची नव्हे, तर श्रमिकांचीच विभागणी आहे, असे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ मध्ये मांडले. पुस्तक धरणारा हात आणि पकड धरणारा हात निराळ्या माणसांचे असावेत, ही समजूत त्या विभागणीतूनच येते. आमच्या शाळांतील विद्यार्थ्याने शिलालेखाचा अर्थ सांगावा आणि आपल्या मित्राच्या टोपातील टोचणारी कडही घासून द्यावी. कलिंगाच्या रणभूमीवरील दुःख पाहून शस्त्र खाली ठेवणाऱ्या राजाची कथा रंगवताना एकाही बालकास इजा होऊ नये, याची काळजी घेणे हा त्या नाटिकेचाच भाग आहे.