केस, सुई आणि काकतालीय न्याय

(द्वितीय वर्ष, कला)

केस गळणे हा विषय महाविद्यालयाच्या वार्षिकांकात मांडावा इतका मोठा आहे काय, असा प्रश्न काही वाचकांना पडेल. परंतु वसतिगृहातील आरशासमोर सकाळी जरा वेळ उभे राहिले म्हणजे उत्तर मिळते. विशीच्या आतच कपाळ मागे सरकू लागले की मुलगा हसण्यावारी नेतो, पण मनातून खचतो. मुलींच्या बाबतीत तर सारे घरच काळजीत पडते. अशा वेळी 'डोक्यात सुया घेतल्या की केस येतात' ही वार्ता कानी येते. तिच्यात तथ्य किती, हे प्रस्तुत लेखात पाहावयाचे आहे.

प्रथम केसाचा जीवनक्रम लक्षात घेऊ. आपल्या डोक्यावर सुमारे १ लाख केस असतात. प्रत्येक केस २ ते ६ वर्षे वाढतो, सुमारे ३ महिने विसावा घेतो आणि गळून नव्या केसाला जागा देतो. म्हणूनच रोज ५० ते १०० केस गळणे स्वाभाविक आहे. याहून अधिक केस जाण्याची तीन प्रमुख कारणे आहेत. मोठा ताप, बाळंतपण किंवा जबर आजार यांनंतर दोन-तीन महिन्यांनी केस एकदम गळतात. पण मूळ शाबूत असल्यामुळे काही महिन्यांत ते आपोआप परततात. चाई पडते तेव्हा शरीराची संरक्षक यंत्रणाच केसांच्या मुळांवर उलटते. येथेही मूळ बहुधा जिवंत असते. तिसरा प्रकार म्हणजे नेहमीचे टक्कल. अमेरिकेतील जेम्स हॅमिल्टन यांनी १९४२ साली दाखवून दिले की, यामागे पुरुषी संप्रेरक आणि आनुवंशिकता ही जोडी असते. या प्रकारात मूळ वर्षानुवर्षे लहान लहान होत जाते आणि त्यातून येणारा केस लवीसारखा बारीक होतो.

आता सुयांकडे वळू. सर्वांत जुनी सुई चाईवरची. स्टेरॉइड औषध चार ते सहा आठवड्यांच्या अंतराने चाईच्या जागी टोचतात. चट्टे थोडे असतील तर तिचा गुण चांगला येतो. मात्र त्या जागी त्वचेला खळगा पडण्याचा संभव असतो. दुसरी सुई आज गावोगावी ऐकू येणारी 'पीआरपी'. रुग्णाचेच रक्त काढून यंत्रात वेगाने फिरवतात, त्यातील बिंबाणू एकवटलेला द्रव वेगळा करतात आणि तो डोक्यात टोचतात. जखम भरून काढणारे वृद्धिघटक बिंबाणूंत असतात. ते सुस्तावलेल्या मुळांना जागे करतील, ही त्यामागील आशा. कल्पना सुंदर आहे. पण सुंदर कल्पना म्हणजे पुरावा नव्हे.

येथे तर्कशास्त्राच्या तासाला शिकलेला काकतालीय न्याय उपयोगी पडतो. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एक गाठ पडली, म्हणून कावळ्याने फांदी तोडली असे होत नाही. माझ्या नात्यातील एका तरुणाचे केस टायफॉइडनंतर गळू लागले. त्याने तालुक्याच्या गावी चार सुया घेतल्या. कांद्याच्या पट्टीचे पैसे त्यात गेले. केस परत आले आणि घरात सुईचा जयजयकार झाला. परंतु तापानंतर गेलेले केस सुईविनाही येतात, हे आपण वर पाहिलेच. मग यश सुईचे की काळाचे? एका माणसाच्या अनुभवावरून हे ठरवता येत नाही.

म्हणूनच संशोधकांनी एक युक्ती योजली. एकाच माणसाच्या डोक्याच्या अर्ध्या भागात पीआरपी आणि उरलेल्या अर्ध्या भागात नुसते मिठाचे पाणी टोचायचे, आणि महिन्यांनंतर दोन्हीकडचे केस मोजायचे. अशा काही प्रयोगांत पीआरपीच्या बाजूला केस दाट झालेले आढळले, तर काहींत दोन्ही बाजूंत फरक दिसला नाही. बहुतेक प्रयोग थोड्याच लोकांवर झालेले. शिवाय रक्त किती वेगाने फिरवावे, सुया किती आणि किती दिवसांनी द्याव्यात, यांत एकवाक्यता नाही. गुण आला तरी तो टिकवण्यासाठी पुन्हापुन्हा सुया घ्याव्या लागतात.

याहून धाडसी आशा पेशींची. १९९९ साली इंग्लंडमधील डरहॅमचे कॉलिन जाहोडा व त्यांचे सहकारी यांनी एका पुरुषाच्या केसमुळाच्या बुडाशी असलेल्या पेशी एका स्त्रीच्या हातात रोवल्या आणि तेथे नवे केस उगवले! मात्र अशा पेशी काचपात्रात पसरून वाढवल्या की आपला गुण विसरतात. २०१३ साली त्यांना लोंबत्या थेंबात गोळ्याच्या रूपात वाढवून मानवी त्वचेत घातले, ती त्वचा उंदरांवर बसवली, तेव्हा ७ पैकी ५ प्रयोगांत केस आले. आशेला जागा आहे ती येथे. पण उंदराच्या पाठीवरील चार केस आणि माणसाचे भरलेले डोके यांतील अंतर फार मोठे आहे.

तात्पर्य काय? सुई झोपलेल्या मुळाला कदाचित जागे करील. गुळगुळीत झालेल्या टाळूवर ती पीक उभे करील, असा भरवसा आज कोणी देऊ नये. आपल्या देशाच्या १९४५ च्या औषध नियमांतील 'जे' अनुसूचीतही टकलेपणाचे नाव आहे. म्हणजे एखादे औषध ते बरे करते असा दावा करण्यास कायद्याचीच मनाई आहे. यास्तव पैसे मोजण्यापूर्वी प्रत्येकाने त्वचारोगतज्ज्ञाला चार प्रश्न विचारावेत. माझे केस कोणत्या प्रकारे जात आहेत? काही न करता ते परत येतील काय? या सुईची तुलना कशाशी केली गेली आहे? आणि सुया थांबवल्यावर पुढे काय?

आपल्यापैकी अनेकांच्या शिक्षणाचा पैसा शेतातून आणि मजुरीतून येतो. तो आशेवर खर्च करू नये असे नाही. पण आशेची किंमत विचारण्याइतके धैर्य तरी या चार भिंतींत आपण शिकलेच पाहिजे.