कल्हईवाला

मुलांनो, उर्दूतला 'कलई' हा शब्द तुम्हांला ठाऊक आहे. मराठीत त्यालाच 'कल्हई' म्हणतात. तांब्या-पितळेच्या भांड्याला आतून दिलेला कथलाचा पातळ थर म्हणजे कल्हई. हा थर झिजला, की चिंच, दही यांसारखे आंबट पदार्थ भांड्यात खराब होतात आणि पोट बिघडते. त्यासाठी मराठीत खास क्रियापद आहे : कळकणे. 'ताक कळकले' असे म्हणतात.

माझे लहानपण छत्रपती संभाजीनगरात गेले. २०२३ पर्यंत या शहराचे नाव औरंगाबाद होते. तेथे मलिक अंबरने १६१२ मध्ये बांधलेला भडकल दरवाजा आहे. त्याच्या जवळच आमची गल्ली. ईदच्या आधी 'कलईऽऽ' अशी हाक आली, की आम्ही घरातली भांडी घेऊन धावायचो.

कल्हईवाले चाचा जमिनीत लहानसा खड्डा करून कोळसे पेटवत आणि भाता चालवत. भांडे वाळूने घासून विस्तवावर धरत. मग चिमूटभर नवसागर, म्हणजे तुमचा नौशादर, टाकत. भप्‌कन पांढरा धूर उठे. कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळते. तापल्या भांड्याला कांडी टेकवताच ते पाण्यासारखे पसरे. चाचा कापसाच्या बोळ्याने ते झरझर फिरवत. काळे भांडे चांदीसारखे चमकू लागे. पाण्यात बुडवले, की चर्र! आम्हांला गंमत वाटे. चाचा मात्र त्या धुरात दिवसभर खोकत बसत.

पुढे स्टील आले. घासायला सोपे, कल्हईची कटकट नाही. आईला तर ते फार आवडले. आता कल्हईवाला क्वचित दिसतो. लग्नाच्या तांब्याच्या देगांना मात्र तो लागतोच. २०१४ च्या पथविक्रेता कायद्यात रस्त्यावर सेवा देणारेही येतात, म्हणून त्यालाही विक्री प्रमाणपत्र मागता येते.

माझी दादी मात्र कागद मागत नसे. ती म्हणे, "चाचा, कांडी वाकवून दाखवा." शुद्ध कथील वाकवताना करकर आवाज येतो. शिशाला तो येत नाही. कथील महाग, म्हणून काही जण त्यात स्वस्त शिसे मिसळत. शिसे विषारी असते. ते अन्नात उतरते आणि लहान मुलांच्या मेंदूला इजा करते.

एका वर्षी चाचा आले नाहीत, दुसराच कारागीर आला. त्याची कांडी मुकाट वाकली. दादीने काही न बोलता देग उचलून घरात नेली. त्या ईदला आमचा कोर्मा शेजारच्यांच्या पातेल्यात शिजला.