यंत्र आधी की शिक्षक आधी?

धान्याच्या पेढीवर उभे आयुष्य घालविलेल्या माणसाने शिक्षणाविषयी लिहावे, हे कित्येकांस धाडसाचे वाटेल. आमचे स्वतःचे शिक्षण मॅट्रिकच्या पुढे गेले नाही, हे आम्ही प्रारंभीच नमूद करून ठेवतो. तथापि आपल्या मंडळाकडे शाळांची जी मागणीपत्रे येतात, त्यांत बाके व फळे यांची मागणी अलीकडे कमी झाली असून संगणक, मोठे पडदे व इंटरनेटची जोडणी यांचीच मागणी अधिक असते. दान देणारा आपण वर्ग आहोत. दिलेल्या दानाचे पुढे काय झाले, याचा ताळेबंद पाहणे हेही आपलेच कर्तव्य होय. प्रस्तुत लेख त्या ताळेबंदाचा एक अल्पसा प्रयत्न आहे.

प्रथम आमच्याच चुकीची नोंद करतो. काही वर्षांपूर्वी आमच्या पेढीने एका शाळेस चार संगणक दिले. हारतुरे झाले, छायाचित्र निघाले, आम्हीही समाधानाने घरी परतलो. पुढे दीड वर्षाने तुरीच्या सौद्यासाठी त्याच गावी जाण्याचा योग आला, तेव्हा सहज शाळेत डोकावलो. चारही यंत्रे कापडाखाली झाकलेली होती. दसऱ्याच्या पूजेचे हळदकुंकू तेवढे त्यांवर ताजे होते. आमच्या चेहऱ्यावरील भाव पाहून तेथील वयस्क गुरुजी हळूच म्हणाले, "शेठजी, रागावू नका. यंत्र बिघडले तर भरपाई कोणी करायची? आणि मुलांदेखत आमचाच हात अडला, तर त्यांनी आमच्याविषयी काय समजावे?"

त्या दोन प्रश्नांनी आमचा राग जागच्या जागी विरघळला. पहिला प्रश्न पैशाच्या भीतीचा, दुसरा मानाच्या भीतीचा. आम्ही यंत्र दिले होते, पण या दोन्ही भीतींचा विचार केला नव्हता. तराजू द्यावा आणि वजने देऊ नयेत, त्यातलाच तो प्रकार. दोष गुरुजींचा नव्हता. तो आमच्या दानाच्या रीतीचा होता.

याच भीतीचा अनुभव पुढे आम्हांस आमच्या पेढीवरच आला. १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर लागू झाला. आमचा काही माल पिशवीबंद जात असल्याने विवरणपत्रे संगणकावरून भरणे भाग पडले. आमचे मुनीम पन्नाशी ओलांडलेले. खतावणीत एका पैचा फरक राहिला तर त्यांस झोप येत नसे. परंतु माऊस हाती धरताना त्यांची बोटे थरथरू लागली. शिकविण्यास आलेला तरुण भराभर सांगून निघून गेला, आणि पाटी कोरीच राहिली. अखेर शेजारच्या दोन पेढ्यांचे मुनीम व आमचे मुनीम असे तिघे रोज सायंकाळी एका दुकानी बसू लागले. आमचा शाळकरी नातू त्यांच्या मदतीस असे. एकाची चूक तिघांस शिकवून जाई, आणि तिघेही सारखेच नवशिके असल्याने कोणास लाज वाटत नसे. भावासाठी ज्या पेढ्या एकमेकींशी चढाओढ करीत, त्यांचे मुनीम मात्र एका बाकावर बसून शिकले. तीन महिन्यांत काम सुरळीत झाले. प्रौढ मनुष्य बरोबरीच्यांत शिकतो, चुकण्याची मुभा असेल तर शिकतो, आणि लहानाकडून शिकण्याचा संकोच गेला तर लवकर शिकतो, एवढा धडा त्यातून आम्ही घेतला.

आता शाळेतील उदाहरण पाहू. सोलापूर जिल्ह्यातील माढा तालुक्यात परितेवाडी नावाचे लहानसे गाव आहे. तेथील जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत २००९ साली श्री. रणजितसिंह डिसले हे शिक्षक म्हणून रुजू झाले. शाळेची इमारत मोडकळीस आलेली. एका बाजूस गुरांचा गोठा, दुसऱ्या बाजूस कोठार. ३ डिसेंबर २०२० रोजी याच शिक्षकांस दहा लक्ष डॉलरचा जागतिक शिक्षक पुरस्कार जाहीर झाला. पुरस्कार देणाऱ्या संस्थेच्या वृत्तान्तानुसार, पुस्तकाची भाषा मुलांच्या घरच्या कानडी भाषेहून निराळी होती. म्हणून ते आधी स्वतः मुलांची भाषा शिकले. नंतर पहिली ते चौथीच्या पुस्तकांत त्यांनी क्यूआर कोड नावाच्या चौकोनी खुणा योजल्या. मोबाईल त्या खुणेवर धरला की त्या धड्याची कविता ऐकू येई, चित्रफीत दिसे, गोष्ट उलगडे. ही कल्पना पुढे महाराष्ट्राच्या पाठ्यपुस्तकांत आली, आणि त्यानंतर राष्ट्रीय स्तरावरील पुस्तकांतही स्वीकारली गेली.

यातील क्रम आपण नीट ध्यानी घ्यावा. आधी मुलाची अडचण, मग शिक्षकाचे स्वतःचे शिकणे, आणि सर्वांच्या शेवटी यंत्र. आम्ही दानात हाच क्रम उलटा केला होता. आणखी एक गोष्ट व्यापाऱ्यांनी विशेष लक्षात ठेवण्याजोगी आहे. पुरस्काराची निम्मी रक्कम श्री. डिसले यांनी अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांस वाटून दिली. भांडवल दिले तर आपल्याजवळ कमी होते. विद्या दिली तर दोहोंकडे राहते. शिक्षकांनी एकमेकांच्या सहकार्याने शिकावे, असे जे आज सांगितले जाते, त्याचे मर्म हेच होय.

हा विचार आपल्या समाजास नवखा नाही. जैन कुळात जन्मलेल्या कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापिली. खेडोपाडी शाळा काढावयाच्या तर आधी शिक्षक घडविला पाहिजे, हे जाणून त्यांनी १९३५ साली साताऱ्यास शिक्षकांच्या प्रशिक्षणाचे विद्यालय उघडले.

आता आपल्या जिल्ह्याकडे वळू. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली, तेव्हा आपण पैनगंगेच्या अलीकडे राहिलो; पुढे २ जून २०१४ पासून तेलंगण राज्यात आलो. बाजारात तेलुगू, घरात मराठी, दप्तरात इंग्रजी अशी आपली त्रिभाषिक रहाटी आहे. जिल्ह्यातील काही शासकीय शाळांतून आजही मराठी माध्यमाचे वर्ग चालतात. तेथील शिक्षकाची स्थिती एकाकी असते. नवा पाठ कसा शिकवावा, हे विचारण्यास त्यास आपल्या भाषेचा सहकारी जवळपास सापडत नाही. राज्याच्या सीमेपलीकडे किनवट व केळापूर या भागांत मात्र असे सहकारी विपुल आहेत. राज्य बदलले म्हणून भागाकाराची रीत बदलत नाही. ५ सप्टेंबर २०१७ रोजी सुरू झालेल्या केंद्र शासनाच्या 'दीक्षा' या मंचावर मराठी पाठ्यसामग्री उपलब्ध आहे. नदी ओलांडण्यास पूर्वी नाव लागे. आज या कामास एक मोबाईल पुरे आहे.

तथापि यंत्रावर सर्व भार टाकता येत नाही, हे करोनाच्या काळात आपण अनुभवले. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या. १ सप्टेंबर २०२० पासून आपल्या राज्य शासनाने दूरदर्शन यादगिरी व टी-सॅट यांवरून पाठ दाखविण्यास प्रारंभ केला. योजना स्तुत्य होती. परंतु आम्हांस जे दिसले ते असे की, ज्या घरी शिक्षक अधूनमधून चौकशीस येत, वही तपासत, तेथील मूल पडद्यासमोर टिकून बसे. जेथे कोणी विचारणारे नव्हते, तेथील मूल पहिल्या आठवड्यातच उठून खेळावयास जाई. पडदा दाखवितो, विचारपूस मात्र करीत नाही. युनेस्कोच्या २०२३ च्या शिक्षणविषयक अहवालानेही, तंत्रज्ञान हे शिक्षकाच्या साह्यास असावे, त्याच्या जागी नसावे, असाच इशारा दिला आहे.

सबब मंडळाच्या विचारार्थ आम्ही पुढील सूचना सादर करीत आहोत.

१. शाळेस यंत्र देताना, देणगीचा निश्चित भाग शिक्षकांच्या शिक्षणासाठी व दुरुस्तीसाठी राखून ठेवावा.

२. वापरात यंत्र बिघडल्यास खर्च मंडळ सोशील, शिक्षकावर बोजा पडणार नाही, असे पत्र यंत्राबरोबरच लेखी द्यावे.

३. महिन्यातून एक रविवार मंडळाचे सभागृह शिक्षकांस मोकळे ठेवावे. तेथे त्यांनी एकमेकांस शिकवावे. पैनगंगेपलीकडील गुरुजनांस दृक्‌श्राव्य जोडणीने त्यात सहभागी करून घ्यावे. चहापाण्याची व्यवस्था आपली. व्याख्याने व सत्कार मात्र नकोत.

४. आपल्या घरातील जी मुलेमुली संगणकात तरबेज आहेत, त्यांनी या रविवारी साह्यास बसावे. शिकविताना गुरुजींचा मान राखावा, घाई करू नये.

५. वर्षाअखेर किती यंत्रे दिली हे अहवालात न छापता, किती यंत्रे वापरात आहेत हे छापावे.

कार्तिक शुद्ध पंचमीस, ज्ञानपंचमीच्या दिवशी, आपण ग्रंथांची पूजा करतो. परंतु ग्रंथ उघडला नाही तर पूजा अपुरीच राहते. संगणकाचेही तसेच आहे. त्या गुरुजींच्या शाळेत आम्ही पुन्हा गेलो. भरपाईचे पत्र बरोबर नेले, आणि आमच्या मुनिमांनाही नेले. मुनिमांनी गुरुजींशेजारी बसून, आपण प्रथम किती चुकलो हे हसत हसत सांगितले. मग गुरुजींनी स्वतःच्या हाताने एका यंत्रावरील कापड काढले. आम्ही संगणक दिले त्या दिवसापेक्षा हा दिवस आम्हांस अधिक मोलाचा वाटतो. उरलेल्या शाळांतील कापडे काढणे आता आपणा सर्वांच्या हाती आहे.